जखम कोरडी

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष असलेले आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक, माझ्या सत्कारासाठी मुद्दाम वाट वाकडी करून आलेले प्रमुख पाहुणे, म्हणजे आपल्या अस्थिरोग विभागाचे माजी प्रमुख, ज्यांना आपण निवृत्तीनंतरही 'मोठे सर' म्हणूनच ओळखतो ते मोठे सर, मेट्रनबाई, विभागातले सगळे डॉक्टर, माझ्या सिस्टर मैत्रिणी, वॉर्डातले मामा आणि मावश्या, आणि ड्युटी सोडून बसता येत नाही म्हणून मागच्या दाराशी उभे राहून ऐकणारे तुम्ही सगळे, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मला दोन शब्द बोला असं सांगण्यात आलं आहे. मी थोडे जास्त बोलणार आहे, तेव्हा चहा गार झाला तर दोष माझा. भाषण लिहून आणलंय. न लिहिता बोलले असते तर मध्येच कच खाल्ली असती, हे मला स्वतःबद्दल पक्कं माहीत आहे.

मेट्रनबाईंनी सन्मानपत्र फार छान वाचलं. त्यातलं एक वाक्य ऐकून तुम्ही टाळ्याही वाजवल्या. 'चौतीस वर्षांच्या सेवेत सिस्टरांनी कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही.' खरं आहे ते. अगदी खरं आहे. आणि आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

अकरा वर्षांपूर्वी आपल्याकडे एक पेशंट आली. वय एकतीस, टपाल खात्यात पत्रं वाटायचं काम. रिव्हर्स येणाऱ्या ट्रकनं तिला भिंतीशी दाबलं होतं. डाव्या पायाची नडगी मोडून हाड कातडीबाहेर आलेलं, आणि रस्त्याची माती आत गेलेली. जुन्या लोकांना आठवत असेल, आम्ही तिला टपालताई म्हणायचो. बाईचं तोंड कधी मिटलेलं नसायचं. वॉर्डात आल्यावर तिसऱ्या दिवशी तिनं मला सांगितलं, "सिस्टर, तुमच्या वॉर्डातल्या खाटांचे नंबर चुकीच्या क्रमानं लावलेत. माझ्या भागात असं असतं तर एक पत्र जागेवर पोचलं नसतं." रोज अकराशे पायऱ्या चढते-उतरते, असं सांगायची. मोजलेल्या होत्या. मी म्हटलं, पत्रं वाटता की पायऱ्या मोजता? तर म्हणाली, "पत्रं तर वाटलीच पाहिजेत, मोजणं आपलं फुकटचं."

तिच्यासोबत तिच्या सासूबाई असायच्या. नवरा बेकरीत कामाला, त्याच्या वेळा पहाटेच्या. त्यामुळे दवाखाना सासूबाईंच्या वाट्याला. त्या आयुष्यभर बांधकामावर गवंड्यांच्या हाताखाली राबलेल्या. हात असे, की माझ्या हातात त्यांचा हात आला की मला माझाच हात खोटा वाटायचा.

मोठ्या सरांनी ऑपरेशन केलं. हाड जुळवलं, प्लेट लावली, आठ स्क्रू घातले. सरांच्या हाताबद्दल कुणी शंका घेऊ नये. मी थिएटरमध्ये उभी होते. अशी सफाई मी फार थोड्यांच्या हातात पाहिली आहे. एक्स-रे तर भिंतीवर लावावा असा. पण हाडाला एक्स-रे दाखवून ते जुळत नाही. विसाव्या दिवशी टाके भिजले. मी पट्टी सोडली आणि वासावरून कळलं. ड्रेसिंगरूममध्ये काम केलेल्यांना मी काय म्हणते ते समजेल. डोळ्यांआधी नाकाला कळतं.

सरांनी जखम उघडून धुतली, प्लेट तशीच ठेवली. दोन महिन्यांनी पुन्हा धुतली, जुनी प्लेट काढून तिथेच नवी लावली. मग कमरेचं थोडं हाड काढून त्या फटीत भरलं. ते भरलेलं हाड दीड महिन्यात विरघळून गेलं. दर वेळी सर फेरीत सांगायचे, "आता बसेल." आणि टपालताई म्हणायची, "सर, बसायचं नाही, चालायचंय." सगळे हसायचे. सरसुद्धा.

एकदा सासूबाई हसल्या नाहीत. त्या फेरीच्या मध्येच म्हणाल्या, "साहेब, रागावू नका. भिंतीला आतून ओल असली की आम्ही आधी गिलावा खरवडून काढतो. विटा लागल्या तरी काढतो. तुम्ही वरून नवा गिलावा देताय."

सर म्हणाले, "आजी, भिंत वेगळी आणि माणूस वेगळा."

आजी म्हणाल्या, "व्हय, भिंत बोलत नाही."

त्या वेळी विभागात एक तरुण सर्जन होते. अंगानं काडीसारखे, म्हणून आम्ही त्यांना बारके डॉक्टर म्हणायचो. आजींचं बोलणं झालं त्याच दुपारी ते सरांच्या खोलीत गेले. मी कागदांवर सह्या घ्यायला तिथे उभी होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. एक्स-रे उजेडासमोर धरून ते म्हणाले, "सर, हा पांढराशुभ्र तुकडा बघा. हे हाड मेलंय. त्यात रक्तच जात नाही, तर औषध कसं पोचणार? प्लेट काढून टाकू. हा मेलेला भाग कापून काढू. तीन सेंटिमीटर जाईल. मग पायाभोवती रिंगा लावू, वर गुडघ्याखाली हाड कापू आणि तो तुकडा रोज एक मिलिमीटर खाली सरकवू. मागे नवं हाड आपोआप भरत येईल."

सर म्हणाले, "हे रुग्णालय आहे. सायकलचं दुकान नाही."

बारके डॉक्टर लगेच बाहेर पडले नाहीत. म्हणाले, "सर, मी दोन वर्षं हेच शिकून आलोय. एकदा करून बघू द्या."

"माझ्या पेशंटवर?" सरांनी विचारलं. बस, एवढंच. आवाजही चढवला नाही. पाच महिन्यांनी बारके डॉक्टर रुग्णालय सोडून गेले. दुसऱ्या गावात एका लहानशा दवाखान्यात. जाताना त्यांनी मला एका कागदावर पत्ता दिला आणि म्हणाले, "टपालताईला लागला तर." मी तो कपाटात ठेवला.

अध्यक्ष महोदय, तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत ते मला दिसलं. आता मी मुद्द्यावर येतेच आहे.

अपघाताला दोन वर्षं झाली होती. चार ऑपरेशनं झाली होती. आपल्या विभागाला मान्यता द्यायची की नाही हे ठरवायला एक समिती येणार होती, आणि ऑपरेशननंतर किती जखमा चिघळल्या याचा तक्ता त्यांना दाखवायचा होता. तक्ता तयार व्हायचा ड्रेसिंगच्या नोंदवहीवरून. नोंदवही लिहायचे मी. त्या आठवड्यात टपालताईचं ड्रेसिंग केलं तेव्हा नडगीवरच्या छिद्रातून हिरवट पू आला आणि चिमट्याला हाडाचा एक कण लागून आला, तांदळाच्या कणीएवढा. मी तसंच लिहिलं. तारीख, वेळ, सही.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. वही त्यांच्यासमोर उघडी होती. ते म्हणाले, "सिस्टर, कालपासून जखम बरीच सुधारली असणार. आज मी स्वतः पाहिली. हे पान पुन्हा लिहा."

मी विचारलं, "काय लिहू सर?"

"जे आहे ते. जखम कोरडी."

मी टेबलाशी बसून पान पुन्हा लिहिलं. आधीच्या चार आठवड्यांचंही लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे, सन्मानपत्रात तेही आलं आहे. आता इथे कुणाला वाटेल की जुनं पान बाईनं जपून ठेवलं असेल आणि आत्ता पर्समधून काढेल. नाही. मी ते फाडलं आणि ड्रेसिंगरूमच्या पायानं उघडायच्या डब्यात टाकलं, वापरलेल्या बोळ्यांबरोबर.

का लिहिलं? मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली आहेत. माझा गोपनीय अहवाल सरांकडे होता. ड्रेसिंगरूमची इन्चार्ज कोण होणार हे ठरायचं होतं. घरी आई अंथरुणाला खिळलेली होती. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि यातलं एकही त्या खोलीत माझ्या मनात आलं नव्हतं. मनात काहीच आलं नव्हतं. मोठ्या माणसानं सांगितलं आणि हात चालू झाला. सर, तुम्ही मला धाकही दाखवला नाहीत. त्याची गरजच पडली नाही.

पण लिहिण्यावर भागलं नाही. खरी गोष्ट पुढेच आहे.

सरांनी टपालताईला घरी सोडलं. कागदावर लिहिलं, हाड जुळत आहे, जखम कोरडी. सासूबाई तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाई, डॉक्टर बोलतात ते मला समजत नाही आणि समजलं तरी मी मानत नाही. पट्टी तुम्ही करता. तुम्ही सांगा. वाळलीय का?"

मी म्हटलं, "हो, वाळलीय."

"आतून?"

"आतूनसुद्धा."

"मग त्या बारक्या डॉक्टरकडे न्यायला नको ना? पोरगा म्हणत होता, एकदा दाखवून येऊ."

मी म्हटलं, "कशाला उगीच?"

त्यांनी माझा हात धरला, त्या गिलाव्याच्या हातानं. "तुम्ही म्हणताय म्हणजे झालं," म्हणाल्या, आणि सुनेला घेऊन गेल्या. पत्ता माझ्या कपाटात होता. चार पावलांवर. तीन महिन्यांनी मी ड्रेसिंगरूमची इन्चार्ज झाले. विभागाला मान्यताही मिळाली. पेढे-बर्फी काही नव्हतं, पण फोटो निघाला होता. बाहेरच्या भिंतीवर आहे. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी मी. हसतेय.

चौदा महिन्यांनी टपालताई परत आली. स्ट्रेचरवर. ताप एकशे तीन, पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, आणि नडगीवर एकाच्या जागी तीन छिद्रं. या चौदा महिन्यांत घरात काय चाललं होतं ते तिच्या नवऱ्यानं सांगितलं. पू येत होता. ही म्हणायची, जाऊन दाखवू. आणि आजी म्हणायच्या, "बाई म्हणाली आहे ना आतून वाळलंय, मग हे वरवरचं असणार." म्हणून त्या घरीच पाणी उकळून धूत बसल्या. रोज, चौदा महिने.

आजी स्ट्रेचरच्या मागून चालत आल्या. मला पाहून थांबल्या. मला वाटलं आता शिव्या देतील. मी तयारीनं उभी होते. त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, तुम्ही तर म्हणाला होतात."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या मला विचारत होत्या. मी ट्रे उचलला आणि आत गेले.

मोठे सर आले. त्यांनी पाय पाहिला आणि स्टूल ओढून तिच्या खाटेशी बसले. सरांना मी पेशंटजवळ बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग म्हणाले, "गुडघ्याखाली काढावा लागेल." टपालताईनं विचारलं, "काय?" तिला खरंच समजलं नव्हतं. सरांना ते पुन्हा सांगावं लागलं. सर, तुमचा चेहरा तेव्हा कसा झाला होता हे मी पाहिलेलं आहे, म्हणून तुम्हाला दगडाच्या काळजाचा माणूस असं मी म्हणणार नाही. तसे तुम्ही असता तर मला हे सगळं सोपं गेलं असतं.

त्या दुपारी मी कपाटातला कागद काढला. पत्ता ड्रेसिंगच्या रिकाम्या पाकिटावर उतरवला आणि तिच्या नवऱ्याच्या हातात दिला. "आजच न्या," एवढंच म्हटलं. तेवढंच केलं. त्याचंही कौतुक करू नका, कारण तेव्हासुद्धा मी पाकिटावर माझं नाव लिहिलं नाही आणि अक्षर बदलून लिहिलं.

पुढचं मी स्वतः जाऊन पाहिलं. रजा काढून. बारक्या डॉक्टरांनी आधी प्लेट आणि स्क्रू काढले. मग हाड थोडं थोडं कापत गेले. जिवंत हाड कापलं की त्याच्या पृष्ठभागावर रक्ताचे बारीक ठिपके उमटतात, मेलेल्यावर उमटत नाहीत. ठिपके दिसेपर्यंत त्यांनी कापलं. सात सेंटिमीटर गेलं. त्यांनी मला बाहेर येऊन सांगितलं, "मी म्हणत होतो तेव्हा तीनचं काम होतं, सिस्टर." मला दोष द्यायला नव्हे, सहज बोलले. त्यांना वहीचं काही माहीत नव्हतं.

मग पायाभोवती चार रिंगा बसवल्या. हाडातून आरपार बारीक तारा, सायकलच्या आऱ्यांसारख्या ताणलेल्या. सरांनी म्हटलं होतं ते दुकान म्हणजे हेच. गुडघ्याखाली हाड कापलं, एक आठवडा थांबले, आणि मग दिवसातून चार वेळा नट पाव-पाव फेरा फिरवायचा. सकाळी सहा, अकरा, दुपारी चार आणि रात्री नऊ. टपालताईनं पाना दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही. एक मिनिट पुढे-मागे नाही. म्हणायची, "टपालाची बाई आहे मी." तिच्या चेहऱ्यावरून घाम ओघळायचा. तारा जिथे कातडीतून जातात तिथे कातडी ओढली जाते, चिरत जाते. ती दुखणी मी पाहिली आहेत, मला त्याचं वर्णन करायचं नाही. सत्तर दिवसांनी तुकडा खाली टेकला. मागे एक्स-रेमध्ये आधी धूर दिसावा तसं काहीतरी, मग दुधट, मग पांढरं. नवं हाड. खाली जिथे टेकलं तिथे आणखी एक लहान ऑपरेशन झालं. रिंगा निघाल्या पंधराव्या महिन्यात.

पाय राहिला. आज ती त्या पायावर उभी राहते. घोटा मात्र वाकत नाही, तो त्या वाया गेलेल्या वर्षांत आखडून गेला. पाय दीड सेंटिमीटर आखूड आहे. पत्रवाटपाचं काम गेलं, आता आत टेबलाशी बसून पत्रं निवडते.

म्हणजे आमच्या मोडलेल्या पेशंटला बरं करता येत होतं. तेव्हाही येत होतं. त्याला लागणारा माणूस आपल्याच विभागात, आपल्याच पगारपत्रकावर होता. तो काय म्हणत होता हे एका गवंड्याच्या हाताखालच्या बाईला समजलं होतं. आम्हाला समजलं नव्हतं असं मी म्हणू शकते का? मी तर तो कण चिमट्यात धरला होता.

मागच्या महिन्यात निवृत्तीची तारीख कळली तेव्हा मी टपालताईला भेटायला गेले. सात वर्षांनी. तिच्या कचेरीतल्या मागच्या खोलीत, दोन टेबलांच्या मधल्या जागेत, उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. पान, डबा, कपाटातला पत्ता. ती पत्रं निवडत ऐकत होती. हात थांबला नाही. माझं झाल्यावर म्हणाली, "सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटपर्यंत म्हणत होत्या, ती बाई चांगली होती, तिला दिसलं नसेल."

खाली पडलेलं एक पाकीट मी उचलून तिच्या टेबलावर ठेवलं.

ती म्हणाली, "त्यांना कळलं नाही ते बरं झालं." मग म्हणाली, "सिस्टर, तुम्ही पत्ता दिलात म्हणून पाय आहे, तेही मला माहीत आहे. अक्षर मी तेव्हाच ओळखलं होतं. लोकांची अक्षरं ओळखण्यातच माझा जन्म गेला. पण मी माफ करते असं म्हणणार नाही. म्हटलं तर तुम्ही मोकळ्या व्हाल, आणि मी सकाळी उठले की घोटा तसाच असणार." आणि मला म्हणाली, "जरा बाजूला होता का? उजेड अडतोय."

मी बाजूला झाले.

अधीक्षक साहेब, कालच मी हे सगळं तुमच्याकडे लेखी दिलं आहे. तुम्ही म्हणालात, समारंभ होऊन जाऊ दे, मग बघू. समारंभ आता होतच आला आहे. मोठे सर, माझ्यानंतर तुमचं भाषण आहे. मी सांगितलं त्यात काही खोटं असेल तर याच माइकवर सांगा. नसेल, तर काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि उद्यापासून ती नोंदवही जिच्या ताब्यात जाईल त्या सिस्टरला, ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, तिला मी उपदेश करणार नाही. मला तो अधिकार नाही. मी फक्त काय घडलं ते सांगितलं.

मेट्रनबाईंचे आभार, ज्यांनी माझ्या रजा कधी अडवल्या नाहीत. मामा आणि मावश्यांचे आभार, ज्यांनी चौतीस वर्षं माझ्या ट्रेमधली घाण न कुरकुरता उचलली. हा हॉल सजवणाऱ्यांचे आभार. तुम्ही सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलंत, त्याबद्दलही आभार.

बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, शब्द कमी-जास्त झाला असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर तेवढं पोटात घाला. बाकीचं घालू नका.

नमस्कार.